तात्यांनी सोडलेलं मीठ

ठाण्याच्या तळ्याकाठून भर उन्हात अनवाणी चालणारा, काखेत मिटलेली छत्री घेतलेला आणि पाऊस आला तरी ती न उघडणारा माणूस दिसला, की परगावचे लोक जरा बाजूला सरत. ठाण्याचे लोक सरत नसत. ज्यांच्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असे, ते तर थांबून नमस्कार करत आणि हळूच विचारत, "तात्या, आमच्याकडे कधी येता?"

गावात त्यांना सगळे मॅट्रिकवाले म्हणत. तोंडावर तात्या. कलेक्टर कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून ते पेन्शनीत निघाले होते, आणि त्यानंतर त्यांनी एक उद्योग आरंभला होता, तो त्यांच्याआधी कोणी केला नसावा आणि नंतरही कोणी केल्याचं मी ऐकलं नाही. मॅट्रिकला बसणाऱ्या मुलाच्या घरी ते जात. मुलाला शिकवायला नाही. भूमितीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि संस्कृत आरतीपुरतं. ते घराला शिकवायला जात.

ह्याचं मूळ कचेरीत होतं. नोकरीसाठी येणारे अर्ज दप्तरात बांधायचं काम त्यांच्याकडे असे. मॅट्रिक नापास झालेला प्रत्येक उमेदवार अर्जात नापास होण्याचं कारण लिही. घरी बहिणीचं लग्न निघालं. आजोबा आजारी होते. माझंच लग्न होतं. "मी अभ्यास केला नाही" असं एकाही अर्जात नव्हतं. दुसरा कोणी असता तर हसला असता. तात्यांनी ते सगळं खरं मानलं. "अरे, एवढी पोरं एकसारखं खोटं कशाला बोलतील? पेपर मुलगा लिहितो, नापास घर करतं," असं ते म्हणत, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणाचा निकाल लागला, की मी आधी त्याच्या घरच्यांकडे बघतो.

आमचं घर म्हणजे खाडीकाठचं, मिठागरात राबणाऱ्यांचं. ठाण्यापासून पायी अर्ध्या तासावर. इंग्रजी शाळेत जाणारा मी गावातला पहिला. बाबांनी मला हेडमास्तरांच्या सांगण्यावरून शाळेत ठेवलं होतं खरं, पण एका अटीवर: परीक्षा एकदाच. पास झालास तर तुझा रस्ता तुला मोकळा, नाही तर फावडं घेऊन बांधावर. बाबा वाईट नव्हते. उधाणाच्या पाण्यापुढे बांध धरायला त्यांना दोन हात कमी पडत होते, इतकंच.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या आमच्याकडे आले. आल्या आल्या ओटीवर बसले, तहान लागली म्हणून तांब्या उचलून पाणी प्याले. त्यांच्या जातीचा माणूस आमच्या घरचं पाणी पितो, हे बघून माझी आत्या आत पळाली. तात्यांना त्याचं काही नव्हतं. मग ते जे बसले, ते दिवस मावळेपर्यंत. बोलले नाहीत, विचारलं नाही. कोण कुठून येतं, कोण कुणाला हाक मारतं, मी पुस्तक उघडल्यावर कोण किती वेळा समोरून जातं, सगळं बघत राहिले. ह्याला ते घर वाचणं म्हणत.

उठताना त्यांनी सगळ्यांना ओटीवर बोलावलं आणि कचेरीतला हुकूम वाचावा तसं सांगितलं, "ह्या घरात मुलाला नापास करणारी तीन माणसं आहेत."

बाबा म्हणाले, "कोन कोन?"

"एक तुम्ही. मुलगा वाचत असला की मागे येऊन उभे राहता. बोलत नाही, पण उभे राहता. त्याला पुस्तकात तुमची सावली दिसते. उद्यापासून बांधावरून आलात की मागल्या दाराने आत जायचं. आणि अभ्यास झाला का, हे विचारायचं नाही. जेवलास का, एवढंच विचारायचं."

बाबांचा चेहरा पडला. मला मनातून बरं वाटलं, आणि ते वाटल्याची लाजही वाटली.

"दुसरी ही बहीण तुमची. येईल त्याला सांगते, आमचा पोऱ्या साहेब होणार."

"मंग, होनारच हाय!" आत्या दाराआडून म्हणाली.

"होईल. पण ते तुम्ही सांगायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, त्याला अजून काही येत नाही."

आत्याने हा हुकूम इतका मनावर घेतला, की महिनाभर ती पाणवठ्यावर दिसेल त्या बाईला धरून, "आमच्या पोऱ्याला काय पन येत नाय बाय," असं सांगत सुटली. शेवटी दोन बायका आईचं सांत्वन करायला घरी आल्या.

"आणि तिसरी?" बाबांनी विचारलं.

तात्यांनी दाराआड उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. "ह्या. ह्यांनी अजून काही केलेलं नाही. पण करतील. माझं लक्ष आहे."

मला तेव्हा हे फार अन्यायाचं वाटलं. आई कुणाच्या अध्यात ना मध्यात. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, मिठागरावर जायची, पाट्या वाहायची, येऊन चूल पेटवायची. ती मला काय नापास करणार?

वैशाखात, मीठ काढायची धांदल ऐन भरात असताना, तात्या पुन्हा आले. महिन्यातून एक दिवस येऊन ते घर वाचत. दुपारी आम्ही जेवायला बसलो. तात्या ओटीवरून आत बघत होते. एकाएकी म्हणाले, "बाई, तुमच्या कालवणाचं भांडं वेगळं का?"

आई चुलीकडे तोंड करून बसून राहिली. आत्याच्याने मात्र राहवलं नाही. "तिनं मीठ सोरलंय. पाडव्याच्या आठवड्यातच गावदेवीला बोलली. पोऱ्या पास होईपरत आलनी खाईन."

माझा घास हातातच राहिला. दिवसभर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहणारी बाई घरी येऊन अळणी भात खात होती, आणि ते माझ्यासाठी. गेला महिनाभर तिच्या पायांत गोळे येत होते, ती भिंतीला धरून उठत होती, आणि मी समजत होतो की उन्हाने. आता माझं अभ्यासात लक्ष कसं लागणार? पुस्तक उघडलं की तिचं ते वेगळं भांडं दिसणार.

तात्यांना इतकं रागावलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "तू पास झालास तर आईच्या तोंडात मीठ पडेल. असला पेपर आजवर कुठल्या पोराने सोडवलाय? बाई, हा नवस सोडा."

आई पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "देवीला सबद दिलाय, तात्या. आता मागं कशी फिरू? पोऱ्याचं वाईट झालं तर?"

बाबांनी तिला दटावून पाहिलं, आत्याने रडून. ती हलेना. तात्या छत्रीची मूठ हनुवटीला लावून बसले होते. मग उठले आणि म्हणाले, "नारळ आहे का घरात?"

आम्ही सगळे त्यांच्यामागोमाग गावदेवीच्या देवळात गेलो. गुरव दुपारचा आडवा झाला होता, त्याला उठवला. तात्यांनी सांगितलं, "ह्या बाईंचा नवस मी माझ्या अंगावर घेतोय. आजपासून मीठ मी सोडलं, त्यांनी धरलं. देवीला विचार, चालेल का."

गुरव डोकं खाजवू लागला. "असा कुनी नवस घेत नाय, तात्या."

"कचेरीत एकाला दुसरा जामीन राहतो. देवीच्या दरबारात का राहू नये? तू कौल लाव."

गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि आम्ही हात जोडून वाट बघत बसलो. आई डोळे मिटून होती. किती वेळ गेला कोण जाणे, उजव्या खांद्यावरची पाकळी सुटून खाली पडली. उजवा कौल म्हणजे होकार. आईने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"आता बोला, कवापरत?" गुरवाने विचारलं. "यंदाच्या परीक्षेपरत म्हना."

"नाही." तात्यांनी बोट वर केलं. "मुलगा मॅट्रिक पास होईपर्यंत. सालाचा उल्लेख नको."

मला तेव्हा ते कारकुनी काटेकोरपण वाटलं. शब्दाला शब्द लावल्याशिवाय ह्या माणसाला चैन पडत नाही, असंही मनात येऊन गेलं.

त्या संध्याकाळी आईने मीठ घातलेलं कालवण खाल्लं. बाबा तिच्याकडे बघत बसले होते. "गोड लागतं का?" त्यांनी विचारलं, आणि आई हसली. त्या वर्षात मी तिला तेव्हाच काय ते हसताना पाहिलं.

कार्तिकात परीक्षा झाली. मुंबईला आम्हा पाच-सहा मुलांना तात्याच घेऊन गेले, गिरगावात त्यांच्या एका स्नेह्याकडे उतरवलं आणि आठवडाभर आमच्याशी परीक्षेबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. रोज दारात उभे राहून फक्त विचारायचे, "जेवलास का?"

मार्गशीर्षात निकाल शाळेत आला. मी नापास. संस्कृताने मला खाल्लं. इतर सगळ्यात बरे गुण होते, पण तेवढ्याने काय होतं?

तात्या निकाल ऐकून आमच्याकडे आले ते चक्क खूश दिसत होते. माझ्या डोळ्यांना पाणी, आणि हा माणूस म्हणतोय, "शाबास! तुझ्या घरातलं कोणी नापास झालं नाही. तू एकटा झालास. आता काम सोपं आहे, पुढच्या वर्षी फक्त तुला शिकायचंय."

बाबा म्हणाले, "पुरचं वरीस नाय, तात्या. बोली एकदाचीच होती."

तात्यांनी वाद घातला नाही. मान हलवली, छत्री उचलली आणि गेले. मला त्यांचा फार राग आला. वर्षभर आमच्या घरावर हुकूम सोडले, आणि जिथे सोडायला हवा तिथे गप्प! दुसऱ्या दिवशी पहाटे मी फावडं घेऊन बाबांच्या मागे बांधावर गेलो. पावसाने फुटलेले बांध बांधायचे होते. गाळात उभं राहून गाळ उचलायचा आणि थापायचा. चार दिवसांत हाताची साल निघाली. बाबा माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडे.

पंधरा दिवसांनी बाबा ठाण्याला गेले. वर्षभर माणूस आपल्या घरासाठी झिजला, त्याला नारळ देऊन मोकळं व्हावं, म्हणून. तात्यांच्या घरी नेमकी जेवणाची वेळ होती. त्यांच्या बायकोने, काकूंनी, बाबांना पडवीत पान वाढलं, आणि तात्या स्वतःचं पान उचलून पडवीतच येऊन बसले. बाबांच्या पानात काकूंनी रीतीप्रमाणे सगळ्यात आधी मीठ वाढलं. तात्यांच्या पानात वाढलं नाही. त्यांची आमटी वेगळ्या वाटीतून आली.

बाबांनी विचारलं, "हे अजून?"

"मुलगा पास कुठे झालाय?" तात्या भात कालवत म्हणाले.

"पन तो आता बसनार नाय!"

"मग मरेपर्यंत," तात्या म्हणाले आणि जेवू लागले.

बाबांनी कसंबसं जेवण उरकलं. घरी आले ते तरातरा बांधावर. मी गाळात उभा होतो. माझ्या हातातलं फावडं त्यांनी हिसकावून घेतलं.

"माज्या आगरात मिठाच्या राशी परल्यान, आनि तो मानूस माज्या घरापायी आलनी खातं! मना घास गिलवला नाय. जा. हात धुव आनि शालेत जा."

"बाबा, पण बांध..."

"बांध मी बगीन. तू त्याचं मीठ सोरव."

मग मला तो गुरव आठवला आणि तात्यांचं वर उचललेलं बोट. सालाचा उल्लेख नको. त्यांनी तेव्हाच हे सगळं पाहिलं होतं का? मी त्यांना पुढे एकदा विचारलं. ते म्हणाले, "दस्त लिहिताना वाईट दिवस धरून लिहावा."

त्या दुसऱ्या वर्षी माझ्या मागे कोणी उभं राहिलं नाही, पण मीच माझ्या मागे उभा होतो. शाळेतल्या शास्त्रीबुवांनी मला रोज सकाळी तासभर वेगळं बसवलं, तेही तात्यांच्या शब्दावर. पुढच्या मार्गशीर्षात निकाल आला. मी पास झालो होतो. आत्या गावभर सांगत फिरली, आणि तिला आता कोणी अडवलं नाही. आई देवळात जाऊन बसली. बाबा म्हणाले, "चल ठान्याला."

वाटेत ते सारखा डोक्यावरचा फेटा चाचपत होते. तात्यांच्या घरी पोचल्यावर त्यांनी फेटा उतरवला, घडी उलगडली, आणि आतून मूठभर मीठ निघालं. आमच्याच आगरातलं. मिठागरातलं मीठ सरकारी, खडासुद्धा बाहेर नेता येत नसे. नाक्यावर शिपाई झडती घेत.

तात्यांनी ते पाहिलं. तीस वर्षं कलेक्टर कचेरीत काढलेला माणूस. "हे नाक्यावर दाखवून आणलंत का?"

"नाय," बाबा म्हणाले.

तात्यांनी एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला. त्यांचं तोंड एकदम वाकडं झालं. "खारट आहे," ते म्हणाले.

काकू हसायला लागल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. बाबाही हसले. मी मात्र हसू शकलो नाही. मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तेव्हा ते पाय मी पहिल्यांदा नीट पाहिले. टाचांना भेगा पडून आत मातीच्या रेघा गेल्या होत्या.

बाबांनीही ते पाहिलं असावं. "तात्या, आता वहाना पन घाला."

"त्या आमच्या हातात नाहीत," काकू म्हणाल्या. "त्या कल्याणच्या आहेत."

आणि मग सगळं बाहेर आलं. आमचा नवस पहिला नव्हता. पूर्वी एका घरचा विड्याचा नवस त्यांनी अंगावर घेतला होता, तो मुलगा पास होईपर्यंत पान खाल्लं नाही. एका आजीचे दर सोमवारचे उपास वर्षभर सोसले. आणि कल्याणला एक बाई लेकासाठी अनवाणी चालायची बोलली होती, तिला वहाणा घालायला लावून तात्यांनी स्वतःच्या उतरवल्या. तो मुलगा तीनदा नापास झाला, मग शाळा सोडून लाकडाच्या वखारीत बसला. चौदा वर्षं झाली होती त्याला.

"आणि छत्री?" मी विचारलं. "ती कुणाच्या नवसाची?"

"छत्री कसल्या नवसाची?" तात्या म्हणाले. "उघडली की जुनी होते."

परत येताना बाबा खाडीपाशी थांबले. मग म्हणाले, "आयतवारी कल्यानला जावाचा. तू पन."

वखार खाडीच्या धक्क्याजवळ होती. गादीवर पस्तिशीचा, पोट सुटलेला, कानात भिकबाळी घातलेला गृहस्थ बसला होता. बाबांनी दारातूनच त्याला सगळं सांगितलं, आणि सांगताना आवाज चढत गेला तो उतरलाच नाही. तो माणूस आधी भडकला, मग ऐकू लागला, मग गादीवरून उतरून खाली बसला.

"आई गेली तेव्हा मला वाटलं, नवसही तिच्याबरोबर गेला," तो म्हणाला. "तो तात्यांनी अंगावर घेतलाय, हे तिने मला कधी सांगितलं नाही."

"आता ठावं झालं ना?" बाबा म्हणाले. "मंग पास हो."

"ह्या वयात? मला दोन मुलं आहेत हो!"

"त्या मानसाचे पाय जाऊन बग, मंग बोल."

तो गेला आणि बघून आला. पुढची दोन वर्षं दर रविवारी मी त्याला शिकवायला कल्याणला जात होतो. तात्या एक दिवस तिथेही घर वाचायला आले, संध्याकाळपर्यंत लाकडाच्या ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, "तुला नापास करणारं इथे एकच आहे. ती गादी. उचल आणि माळ्यावर टाक." त्याने टाकली. कार्तिकात तो खासगी उमेदवार म्हणून कोवळ्या पोरांच्या रांगेत जाऊन बसला, आणि चौथ्या खेपेला पास झाला.

निकालाच्या दिवशी तो कोऱ्या वहाणा घेऊन ठाण्याला आला. मी होतो, बाबा होते. तात्यांनी वहाणा पायात घातल्या, अंगणात तुळशीपर्यंत गेले, परत आले, आणि काढून ठेवल्या.

"चावतात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ठाण्याच्या तळ्याकाठी लोकांना नवीनच दृश्य दिसू लागलं. अनवाणी तात्या, एका काखेत मिटलेली छत्री आणि दुसऱ्या काखेत कोऱ्या वहाणा. माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "तात्या, पायात घालत नाही, तर बरोबर कशाला बाळगता?"

ते थांबले. वहाणा नीट काखेत सावरल्या.

"अरे, हा निकाल आहे. निकाल कोणी पायात घालतं का?"

ते गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी पुढे शाळाखात्यात चिकटलो, जन्मभर मुलांचे पेपर तपासले. माझ्या पानात अजूनही सगळ्यात आधी मीठ वाढतात. ते वाढलं की मी हात जोडतो आणि मग जेवायला लागतो. घरातल्यांना ती म्हातारपणाची खोड वाटते, आणि मीही त्यांना तसंच वाटू देतो.